लडाखचा वसंत आणि पाण्याचा अंदाज



वसंत व्याख्यानमालेत हवामानावर बोलणारा माणूस उभा राहिला की श्रोत्यांच्या मनातला प्रश्न ठरलेला असतो. ऊन तापलेले असते, विहिरींचा तळ दिसू लागलेला असतो आणि जो तो विचारीत असतो, "यंदा पाऊस कसा?" त्या प्रश्नाचे उत्तर आज मी देणार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे तेवढ्यासाठीच कोणी आले असतील तर त्यांचा वेळ मोडणार नाही. आज मला आपल्याला लडाखात न्यावयाचे आहे. उंच डोंगर आणि वाळवंटी खोरी असा हा मुलूख. तेथेही वसंत ऋतूत शेतकरी हवामानाचा अंदाज विचारतो. पण त्याचा प्रश्न आपल्याहून निराळा असतो. तो प्रश्न नीट समजावयास मला स्वतःला बरीच वर्षे लागली.

प्रथम मुलूख पाहू. लडाख म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ उभे राहते. परंतु लेहजवळ सिंधू नदीच्या खोऱ्यात उतरले की पायाखाली लागते ती वाळू आणि गोटे. लेह गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईची दुप्पट करून वर थोडी भर घालावी, एवढे उंच. गावाच्या पाठीशी उत्तरेला लडाखची रांग, तिच्या पलीकडे काराकोरम. समोर सिंधूपलीकडे झांस्करची रांग आणि तिच्याही मागे मुख्य हिमालय. अशा भिंतींच्या मध्ये हे खोरे पडले आहे. वर्षभरात तेथे पाऊस आणि हिम मिळून जे पाणी पडते ते सुमारे १०० मिलीमीटर, म्हणजे चार इंच. पुण्यात जुलैच्या एखाद्या जोराच्या आठवड्यात एवढा पाऊस होऊन जातो.

असे का व्हावे, हे महाराष्ट्रातल्या माणसाला फार फोड करून सांगावयास नको. महाबळेश्वराला दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माणदेशात वीस इंचांची मारामार असते. वारे डोंगर चढताना आपले पाणी टाकून देतात आणि रिकाम्या हातांनी पलीकडे उतरतात. हिमालयाने हाच खेळ फार मोठ्या प्रमाणावर मांडला आहे. आपला मोसमी पाऊस दक्षिणेकडच्या उतारांवरच बहुतेक सांडून जातो. लेहपर्यंत पोहोचते ती त्याची उरलीसुरली झुळूक.

मग लडाखला पाणी येते कोठून? मुख्यतः हिवाळ्यात आणि पश्चिमेकडून. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्र ह्यांच्या बाजूने हवेच्या कमी दाबाची वादळे इराण-अफगाणिस्तानावरून पूर्वेकडे सरकत येतात. हवामानखात्याच्या बातमीपत्रात आपण ज्यांना 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतो ती हीच. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत एकामागून एक अशी वादळे येत राहतात. त्यांचेही बरेचसे हिम सोनमर्ग, झोजी ला ह्या काश्मीरच्या बाजूस पडून जाते आणि उरलेल्यांतले थोडे लडाखच्या माथ्यांवर पडते. खोऱ्यात फार नाही; माथ्यांवर. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचे सारे तीवर अवलंबून आहे.

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात लेहपासून थोड्या अंतरावरच्या एका गावी माझा मुक्काम होता. ज्यांच्या घरी मी उतरलो होतो त्या वृद्ध गृहस्थांना सारे गाव 'मेमे' म्हणे. मेमे म्हणजे आजोबा. माझ्याजवळ ऋतूच्या अंदाजाचा नकाशा होता. मी तो मोठ्या उत्साहाने त्यांच्यापुढे पसरला आणि म्हणालो, "मेमे, यंदाच्या वसंतात सरासरीपेक्षा अधिक पर्जन्य होण्याचा संभव दिसतो." शेजारच्या शाळामास्तरांनी ते त्यांच्या भाषेत सांगितले. मेमेंनी शांतपणे ऐकून घेतले, नकाशाकडे पाहिले आणि विचारले, "ते ठीक आहे. पण ओढ्याला पाणी कधी येईल?"

मी गप्प बसलो. माझ्या नकाशात 'किती' होते, 'कधी' नव्हते. आणि त्या गावाचे वर्षाचे पोट त्या 'कधी'वर होते.

त्याचे कारण असे. लडाखात बहुतेक ठिकाणी वर्षातून एकच पीक निघते. जव किंवा गहू एप्रिलच्या अखेरीस अथवा मे महिन्यात पेरावयाचा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात कापावयाचा. पेरणीला उशीर झाला तर कणसे भरण्यापूर्वीच थंडी गाठते. म्हणजे पेरणीच्या वेळी पाणी हवे. पण हिमनद्या आहेत पाच हजार मीटरांच्या वर. हवा दर किलोमीटर उंचीला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत जाते. लेह आणि समोरचे स्तोक कांगडीचे शिखर ह्यांच्यात सरळ रेषेत अंतर वीस-बावीस किलोमीटरांचे. पण उंचीतला फरक अडीच हजार मीटरांहून अधिक, म्हणजे तपमानात सोळा-सतरा अंशांचा फरक. एप्रिलात लेहमध्ये दुपारी पारा बारा-तेरा अंशांवर जातो, तेव्हा वर हिमनदीपाशी भरदुपारीही पाणी गोठलेलेच असते. हिमनदीचे पाणी खऱ्या अर्थाने सुटू लागते ते जूनमध्ये. पेरणी मे महिन्यात, पाणी जूनमध्ये: लडाखच्या शेतीचे सारे दुखणे ह्या एका महिन्यात आहे.

घरखर्चाचे उदाहरण घेऊन सांगतो. शेतावर आणि गावाभोवती जे थोडे हिम पडलेले असते ती खिशातली रोकड. ती मार्चमध्येच संपते. मधल्या उतारांवर, चार-साडेचार हजार मीटरांच्या आसपास साठलेले हिम म्हणजे बचतखाते. एप्रिल-मेच्या खर्चाला तेच उपयोगी पडते. आणि हिमनदी ही मुदतीची ठेव. भरभक्कम खरी, पण मुदतीपूर्वी हाती लागत नाही. मेमे मला विचारीत होते ते बचतखात्याविषयी. मी त्यांना सांगत होतो की वर्षाची मिळकत बरी दिसते.

एवढ्यावरही भागत नाही. ज्या वादळांनी हिम अधिक पडते, त्यांच्याबरोबर ढग आणि थंडीही येते. एप्रिल-मे ढगाळ गेले तर हिम वर भरपूर असूनही वितळत नाही आणि खाली शेत कोरडे राहते. उलट एखाद्या वर्षी हिम बेताचेच असते, पण ऊन वेळेवर पडते आणि पेरणी साधून जाते. म्हणजे 'सरासरीपेक्षा अधिक' ही माझी आनंदाची बातमी त्या गावाला कदाचित चिंतेचीही असू शकत होती. खालच्या गावांत जर्दाळूच्या बागा आहेत. तेथे एप्रिलात झाडे फुलतात आणि त्यावेळी एखादी रात्र अवेळी गारठली तर वर्षाचे फळ जाते. त्या बागवानाला ऋतूच्या सरासरीशी काय कर्तव्य? त्याला त्या एका रात्रीची बातमी पाहिजे.

ह्यासाठी ऋतूचा अंदाज म्हणजे काय, हे थोडे उकलून पाहिले पाहिजे. हवामानखाते पर्जन्याचे तीन वर्ग करते: सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतके आणि सरासरीपेक्षा अधिक. काहीच माहिती नसेल तर प्रत्येक वर्गाचा संभव शंभरात तेहतीस धरावयाचा. समुद्राचे तपमान, वरच्या हवेतले प्रवाह वगैरे गोष्टी गणितात घातल्या की हे आकडे थोडे हलतात. 'अधिक'चा संभव ४५ टक्के आहे असे म्हटले, तर त्याचा अर्थ शंभरातल्या ५५ वेळा 'अधिक' होणार नाही असाही असतो. हे वाक्य खोटे नाही, निरुपयोगीही नाही. पण ते आश्वासन नव्हे. त्यातून वाळवंटाची सरासरी मोठी फसवी. जेथे वर्षाला १०० मिलीमीटर पडतात, तेथे एप्रिलातले दोन चांगले हिमपात आले की 'अधिक' होते आणि चुकले की 'कमी' होते.

दुसरी अडचण मापनाची. खोऱ्यातले पर्जन्यमापक डोंगराची हकीगत सांगू शकत नाही. ह्याचा अत्यंत दारुण पुरावा लेहनेच दिला. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री डोंगरात ढगफुटी झाली. चिखलाचे लोंढे खाली आले आणि लेह व आसपासच्या गावांत दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्या दिवशी लेहच्या पर्जन्यमापकात नोंद झाली ती अवघ्या १२.८ मिलीमीटरची. ही गोष्ट उन्हाळ्यातली आहे, परंतु धडा बारमाही आहे. डोंगराचे पाणी डोंगरातच मोजले पाहिजे.

डोंगरातले हिम मोजावयाचे कसे? ह्या विद्येचा पाया लडाखसारख्याच एका मुलुखात घातला गेला. अमेरिकेत सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेस नेवाडाचे वाळवंट आहे आणि तेथली शेतीही माथ्यावरच्या हिमावर जगते. तेथल्या विद्यापीठात जेम्स चर्च नावाचे एक प्राध्यापक होते. ते शिकवीत लॅटिन. पण डोंगर चढण्याचा त्यांना भारी नाद. विसाव्या शतकाच्या आरंभी हे गृहस्थ माउंट रोझवर हिवाळ्यात जात असत. त्यांनी एक साधी पोकळ नळी तयार केली. ती हिमात खोल खुपसावयाची, आतल्या हिमासकट बाहेर काढावयाची आणि तिचे वजन करावयाचे. की त्या जागी पाणी किती आहे ते कळते. हिमाच्या नुसत्या जाडीवरून पाणी कळत नाही. ताजे भुसभुशीत हिम दहा इंच असले तर त्यात पाणी साधारण एक इंच. वसंतापर्यंत दबून बसलेले हिम मात्र तेवढ्याच जाडीत तीन-चार इंच पाणी देते. चर्च ह्यांनी वसंताच्या आरंभी केलेल्या मोजणीवरून टाहो सरोवरात किती पाणी येणार हे आधी सांगून दाखविले. काठावरचे रहिवासी आणि पाणी वापरणारे ह्यांच्यातल्या तंट्यात त्याचा मोठाच उपयोग झाला. आजही अमेरिकेच्या पश्चिम भागात १ एप्रिलची हिममोजणी ही वर्षाच्या पाण्याची पहिली खातेवही मानली जाते.

आपल्या हिमालयात हे काम अवघड आहे, पण ते होऊ लागले आहे. उपग्रहांमुळे हिमाची रेषा कोठवर आली हे दिसते. २०२० च्या अखेरीस लेह येथे हवामानखात्याचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले. मात्र उपग्रहाला हिमाचे क्षेत्र जितके सहज दिसते तितके त्यातले पाणी दिसत नाही. ऋतूच्या अंदाजाच्या गणितातले चौकोनही इतके मोठे आहेत की एकाच चौकोनात लेहचे खोरे आणि स्तोकचे शिखर दोन्ही बुडून जातात.

लडाखच्या शेतकऱ्याने ह्या सर्वांची वाट पाहिली नाही. झांस्करमध्ये वसंताच्या तोंडी बायका शेतावरच्या हिमावर काळी माती पसरतात. ही माती शरद ऋतूतच घरात भरून ठेवलेली असते. ताजे हिम अंगावर पडलेल्या उन्हापैकी दहातले आठ भाग परतवून लावते. माती पडली की ते ऊन पिऊ लागते आणि काही दिवस लवकर वितळते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ज्याला परावर्तनांक म्हणतात तो ह्या बायकांच्या टोपलीत पिढ्यान्पिढ्या आहे.

पाण्याची वाटणीही तशीच विचाराने बांधलेली. गावोगाव 'चुरपोन' नावाचा पाणक्या नेमलेला असतो. कोणाच्या शेतात पाणी कधी सोडावयाचे ते तो ठरवितो. रात्रीचे पाणी लहान तळ्यात अडवून सकाळी पाटात सोडतात. पाणी थोडे आणि तेही दुपारच्या उन्हानंतर येणारे, म्हणून हा बंदोबस्त.

आणि आमच्या काळात ह्याच विचाराला एका अभियंत्याने पुढे नेले. चेवांग नोरफेल हे लडाखचेच. हिवाळ्यात ओढ्यांचे पाणी उगाच वाहून जाते, हे त्यांना खुपले. १९८७ साली फुक्त्से येथे त्यांनी ते पाणी डोंगराच्या सावलीतल्या उतारावर वळविले, दगडी बांध घालून संथ केले आणि थरांवर थर गोठू दिले. ही कृत्रिम हिमनदी खऱ्या हिमनदीपेक्षा पुष्कळ खाली असते, म्हणून ती पेरणीच्या सुमारासच वितळू लागते. ह्या कामासाठी २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे २०१३-१४ च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बर्फाचा स्तूप उभारला. वरच्या बाजूचे पाणी नळीने खाली आणावयाचे, आपल्याच दाबाने ते कारंज्यासारखे उडते आणि कडाक्याच्या थंडीत गोठून त्याचा सुळका बनतो. सुळक्याला उन्हाकडे उघडे अंग कमी, म्हणून तो सपाट बर्फापेक्षा अधिक टिकतो. ह्या दोन्ही युक्त्यांनी पाणी एक थेंबही वाढत नाही. वाढते ती त्याची सवड. नोव्हेंबरचे पाणी मे महिन्यात नेऊन ठेवले जाते. माझ्या नकाशात जो 'कधी' नव्हता, तो ह्यांनी आपल्या हातांनी तयार केला.

पण सर्वत्र हे साधत नाही. झांस्करमध्ये कुमिक नावाचे एक फार जुने गाव आहे. त्याच्या डोक्यावरच्या डोंगराचे हिम कमी होत गेले, ओढा लवकर आटू लागला आणि ह्या शतकाच्या आरंभी गावकऱ्यांनी एकत्र बसून गाव सोडण्याचा निर्णय घेतला. खाली नदीकाठच्या उजाड जमिनीवर ते नवी घरे बांधू लागले. पाण्याचा हिशेब चुकला म्हणजे त्याची किंमत अशी मोजावी लागते.

आता थोडे पुण्याकडे येऊ, कारण ह्या हिमाचा आणि पुण्याचा संबंध जुना आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच वर्षी हिंदुस्थानचे हवामानखाते स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. लागलीच १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ पडला आणि पाऊस आधी सांगता येईल काय, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. ब्लॅनफर्डांनी १८८४ साली असा विचार मांडला की हिमालयात हिवाळ्यात व वसंतात हिम अधिक पडले, तर पुढचा मोसमी पाऊस कमी होण्याकडे कल असतो. ह्याच आधारावर १८८६ च्या जूनमध्ये पावसाचे नियमित दीर्घकालीन अंदाज सुरू झाले. पुढे १९२८ साली खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या घड्याळाच्या इमारतीला आपण अजून 'सिमला ऑफिस' म्हणतो ते त्यामुळेच.

हिमाचा तो धागा शंभर वर्षे टिकला. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे सोळा घटकांचे गणित मांडले, त्यातही हिमालयातले हिमाच्छादन हा एक घटक होता. त्या वर्षीचा अंदाज बरोबर आला आणि पुढेही काही वर्षे ते गणित चालले. परंतु २००२ साली अंदाज सामान्य पावसाचा होता आणि प्रत्यक्षात देशाचा पाऊस सरासरीहून सुमारे १९ टक्के कमी पडला. त्यानंतर ते गणित बदलावे लागले. हिम आणि मोसमी पाऊस ह्यांचे नाते पूर्वी वाटले तितके सरळ नाही, हेही ध्यानात आले. ह्यात कोणाची नामुष्की आहे असे मी मानीत नाही. चुकलेला अंदाज लपवून न ठेवता त्याचा पुन्हा हिशेब घातला, हे शास्त्राला साजेसेच झाले.

मग मेमेंना काय सांगावे? पुढे मी पुष्कळ विचार केला, तेव्हा असे वाटले की त्यांना तीन गोष्टी सांगावयास हव्या होत्या. मधल्या उतारांवर हिम नेहमीच्या मानाने किती आहे. येत्या पंधरवड्यात ऊन राहील की ढग. आणि ह्या दोन्हींत माझी खात्री किती. पहिली गोष्ट मोजून कळते. दुसरीसाठी आज चार आठवड्यांपर्यंतचा अंदाज दर गुरुवारी निघतो आणि जसजसा दिवस जवळ येतो तसतसा तो भरवशाचा होत जातो. तिसऱ्या गोष्टीला यंत्र लागत नाही, प्रामाणिकपणा लागतो. एवढे हाती आले तर चुरपोन आपली पाळी बदलू शकतो, पेरणी चार दिवस मागेपुढे करता येते आणि तळे आधी साफ करून ठेवता येते.

श्रोतेहो, हा प्रश्न लडाखापुरता नाही. एप्रिलात वर्तमानपत्रात मोसमी पावसाचा आकडा येतो, शंभर टक्के किंवा शहाण्णव टक्के, आणि आपण सुस्कारा टाकतो. पण चार महिन्यांचा पाऊस शंभर टक्के पडूनही मधे तीन आठवड्यांची उघडीप पडली, तर मराठवाड्यातल्या शेतकऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. बियाणे गेले, खत गेले, कर्ज मात्र राहिले. त्याला विचारा, तोही मेमेंचाच प्रश्न विचारील. म्हणून यंदाचा आकडा वाचताना 'किती' बरोबर 'कधी' हेही विचारावयाची सवय आपण लावून घ्यावी. आपण विचारीत राहिलो तर सांगणाऱ्यालाही ते शोधावे लागेल.

मेमेंच्या गावचा ओढा त्या वर्षी माझ्या परतण्यापर्यंत वाहू लागला नव्हता. निघताना ते मला निरोप द्यायला पाटापर्यंत आले. पाट कोरडा होता, पण तळाची माती त्यांनी नुकतीच उपसून काठावर टाकली होती. पाणी केव्हाही येवो, त्याला वाट मोकळी असली पाहिजे, एवढे त्यांच्या हातचे त्यांनी करून ठेवले होते.